काटकोनाची वाकडी चौकट

माझा धाकटा भाऊ चित्रांना चौकटी करायचा. पण त्याला सगळे काटकोन म्हणत. कुणाच्याही घरी गेला, की पाण्याचा पेला हातात घेण्याआधी भिंतीवरची तसबीर सरळ करणार. भावजय म्हणायची, बघायला आले तेव्हा माझ्याकडे नंतर बघितलं, आधी माझ्या मागच्या भिंतीकडे.

एकदा प्रदर्शनाच्या हॉलवाल्यांनी एका म्हाताऱ्या चित्रकाराचं चित्र पाठवलं. तळ्याचा काठ, बायका धुणं धुताहेत, एकजण शेळीला पाला घालतोय. आणि पार कडेला, पाण्यातून वर आलेला एक हात, नखाएवढा. चौकटीच्या आत पुठ्ठ्याची पट्टी बसवतात ना, ती चारी बाजूंनी सारखी ठेवायची तर हात तिच्याखाली जात होता.

"अहो, हात झाकला जातोय," भावजय म्हणाली.

हा म्हणाला, एवढासा तर आहे, कोण बघतंय. आणि ठोकले खिळे.

प्रदर्शनात कवींनी चित्रांवर कविता करून वाचल्या. ह्या चित्रापुढे एक कवी उभे राहिले:

"कुणा न घाई, कुणा न दुःख,
पाण्यावरती पसरे सुख."

टाळ्याच टाळ्या. म्हातारा चित्रकार पहिल्या रांगेत होता. तो चित्राच्या त्या कडेकडे बघत राहिला, मग स्वतःच्या बुटांकडे. भाऊ मागे शिडी धरून उभा. त्याने ते बघितलं.

घरी आला तर एका जागी बूड टेकेना. उठ, बस, मोजपट्टी उचल, परत ठेव. म्हणे, चूक सांगितली तर हॉलचं काम जाईल.

"आणि नाही सांगितली तर?" भावजयीनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी हॉल उघडायच्या आधीच दारात हजर. चित्र उतरवलं, जमिनीवर मांडी घालून खिळे काढले, त्या बाजूची पट्टी बोटभर कापली. हात दिसायला लागला, पण चौकट एका अंगाला उणी. जन्मात पहिल्यांदा.

चित्रकार आला तसं ह्यानं सगळं सांगून टाकलं, बोलणी खायच्या तयारीनं. म्हातारा हाताजवळ वाकला.

"माझी बहीण," तो म्हणाला. "सगळे होते तिथे. कुणी मान वर केली नाही."

तेवढ्यात कवी आले, बरोबर चार पाहुणे. कविता पुन्हा म्हणून दाखवली, तीच. मग चष्मा सावरून चित्राच्या अगदी जवळ गेले. भावाला वाटलं, आता दिसेल.

"काका, ही पट्टी इकडे कमी पडलीय का हो?"

"हो," भाऊ म्हणाला. "राहू दे तशीच."

पुढेही तो कुणाकडे गेला की आधी तसबिरीपाशीच जायचा. सरळ करायला नाही. कडा बघायला.