पोटात पाणी असलेला खडा

"बठ्ठा चोर शेतस! मना खडा बदली टाका!"

धर्मा आबा खाली सराफाच्या दुकानात ओरडत होते आणि मी माडीवर, मध्ये दोन भिंती आणि एक जिना असूनही, शब्द न् शब्द ऐकत होतो. आबांचा आवाजच तसा. चोपड्याला खाकरले तर भुसावळला उभी असलेली मालगाडी सिग्नलविना सुटावी.

माडीवरच्या दोन खोल्या म्हणजे माझी लॅब. खडा कोणता, खरा की बनावट, एवढंच सांगायचं काम. पंचवीस वर्षांत माझ्या भिंगाखालून इतके खडे गेलेत की नुसते पसरले तरी जळगाव ते धुळे रस्ता डांबराशिवाय व्हावा.

त्या दिवशी सर्दीने माझं नाक पार चोंदलं होतं. रुमाल सावरत खाली आलो. काउंटरवर आबांची अंगठी पडलेली. सोनं थोडं काळवंडलेलं, आणि खडा? आठवड्यापूर्वी तो केळीच्या कोवळ्या पानासारखा हिरवा होता. आता पांढरट, पापुद्रे सुटलेला, अर्धा सोललेला कांदा जणू.

आबांच्या शेजारी अक्का, त्यांची बायको, पदर तोंडाशी धरून उभी. कोपऱ्यात सुकदेवभाऊ. हा दुकानाचा जडावाचा कारागीर, म्हणजे कोंदणात खडा बसवणारा. तीस वर्षं याच बैठकीवर. दिवसाला चार शब्द बोलतो, त्यातले दोन 'चहा' असतात.

"साहेब, आता तुम्हीच काय ते सांगा," शेठ म्हणाले. "खडा शेवटचा सुकदेवच्या हातात होता. बदललेला निघाला तर आजपासून त्याची बैठक बंद. मग या बाजारात त्याला दुसरं कोणी दारात उभं करणार नाही."

सुकदेवभाऊने हातातली कानस बैठकीवर ठेवली.

आता हा खडा आला कुठून ते सांगतो. आबांच्या मळ्यात विहीर खोल करताना सुरुंग लावला. काळा पत्थर फुटला आणि आत एक पोकळी निघाली, हिरव्या स्फटिकांनी भरलेली. आपला खानदेश सगळा लाव्हाच्या थरांवर बसलेला आहे. लाव्हा थंड होताना आत बुडबुडे अडकले, त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे युगानुयुगं त्यांत गरम पाणी झिरपलं आणि भिंतींवर स्फटिक धरले. आबा टोपलीभर घेऊन आले. "पाचू शे ना, साहेब?"

पाचू नव्हता. अपोफिलाइट होता. दोन्ही सिलिकेटच, म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या सांगाड्यावर उभी असलेली खनिजं, पण चुलत-चुलत भावंडं. पाचूवर चाकू चालत नाही. अपोफिलाइटवर टणक पोलादाचा ओरखडा उठतो. शिवाय त्याचे थर असतात. एका दिशेने ठोकलं की वहीच्या पानासारखा सरळ सुटतो, आणि त्या पानावर मोत्याची झाक दिसते. पण असा हिरवा अपोफिलाइट! परदेशातले संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात, आणि तो आपल्या केळीच्या मुळाखाली झोपलेला. माझी छाती तेव्हाच चार इंच फुगली होती. अंगठीसाठी नाजूक आहे असं मी सांगितलं. आबा म्हणाले, मनी विहिरना खडा, मनाच बोटमा. रिपोर्टवर मी लिहून दिलं की उष्णतेपासून दूर ठेवा. इंग्रजीत लिहिलं. तो कागद त्यांनी देवघरात ठेवला.

मी भिंग लावलं. कोंदणाच्या खाचेत करडी भुकटी होती. माझं बालपण दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं. आमच्याकडे लोक दूध प्यायच्या आधी राख प्यायचे. राख मी डोळे मिटून ओळखतो.

"आबा, अंगठीला विस्तव लागला का?"

"नही! मी काय येडा शे?"

"भाऊ, तुम्ही खडा बसवल्यावर ज्योत लावली?"

"नाही," सुकदेवभाऊ म्हणाला. "सांध्याला डाख आधी. खडा शेवटी, थंड सोन्यात."

"असं सगळेच म्हणतात," शेठ पुटपुटले.

"आबा, खडा कापून उरलेले तुकडे कुठायत?"

आबांनी बंडीच्या खिशातून पुडी काढली. तुकडे त्यांचे, विहीर त्यांची, पुडीही त्यांचीच. शंका घ्यायला जागाच नको. मी लॅबमधून आणलेल्या काचेच्या नळीत एक तुकडा टाकला आणि नळीचं बूड स्पिरिटच्या दिव्यावर धरलं. सगळ्यांनी माना लांबवल्या. मला वाटतं, बाहेरच्या अख्ख्या बाजारानेही लांबवल्या असाव्यात.

तुकडा आधी तडतडला. मग फुगला. मग पानं सुटायला लागली आणि हिरवा रंग उडून पांढरा झाला. नळीच्या वरच्या थंड भागात थेंब जमले.

"हे काय शे?" आबा पुढे वाकले.

"पाणी. या खड्याच्या पोटात पाणी असतं, आबा. थराथरात. तापलं की वाफ होते आणि पानं उघडतात. काच असती तर नुसती मऊ पडली असती." मी अंगठी नळीशेजारी ठेवली. दोन्ही खडे जुळ्या भावांसारखे. "तुमचाच खडा आहे हा. फक्त भाजलेला."

आबांनी अंगठी उचलून उलटीपालटी केली. तेवढ्यात अक्काने तोंडावरचा पदर काढला.

"आते सांगी टाका ना! भरीतना विस्तवमा कोनी टाकी अंगठी?"

मग सगळं निघालं. व्याही आले होते. मळ्यात भरीत पार्टी, कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायला घातलेली. आबा बोट नाचवून अंगठी दाखवत होते. व्याही म्हणाला, अस्सल खडा विस्तवाला भीत नाही. व्याह्यापुढे माघार घेतील ते आबा कसले! अंगठी गेली वांग्याशेजारी. वांगं नीट भाजलं, खडाही.

"माले वाटनं, खरा ऱ्हाता ते फुटता नही," आबा हळू म्हणाले. भुसावळची मालगाडी जागेवरच राहिली. मग सुकदेवभाऊसमोर जाऊन त्यांनी हात जोडले. "चुकनं मनं, भाऊ. टोपलीमा आखो खडा शेतस. दुसरा तूच बसाड. दुसरा कोनी नको."

शेठनी चहा सांगितला, आणि सुकदेवला स्वतः कप नेऊन दिला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

सगळे गेल्यावर मी सुकदेवभाऊच्या बैठकीशी जाऊन बसलो. मला कोणीतरी शाबासकी द्यायला हवी होती. "बघितलंत, भाऊ? राख, नळी, पाण्याचे थेंब! सायन्स नसतं तर तुमची बैठक गेली होती."

"हो," तो कानस घासत म्हणाला. "भरताचा वास तर अंगठी काउंटरवर ठेवली तेव्हाच आला होता."

मी चोंदलेलं नाक पुसलं. "मग बोलला का नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."