लोहचुंबक आणि विहीणबाईंची साखळी

आता कुठून सुरू करू? कुठूनही सुरू केलं तरी शेवटी मूर्ख मीच ठरतो, तेव्हा चहा गरम आहे तोवर सांगून टाकतो.

मी डहाणूच्या एका शाळेत जन्मभर विज्ञान शिकवलं. निवृत्त मास्तराचं घरात कोण ऐकतं? पण मोठ्या सुनेने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. त्यात एवढ्या-एवढ्याशा पोरांना घरीच प्रयोग करून दाखवत होते. ती म्हणाली, आप्पा, तुम्ही रिकामेच असता, मीराला शिकवा की. 'रिकामेच' हा शब्द मी गिळला आणि ओट्यावर चटई टाकली.

विद्यार्थी तीन. माझी नात मीरा, वय वर्षं चार, आणि शेजारच्या गुजराती घरातली जुळी, हेत आणि धारा. पहिल्या दिवशी बादलीत चिकू टाकला. तो तरंगणार असं मी छातीठोक सांगितलं. चिकू बुडाला. मी म्हणालो, हा चिकूच खराब आहे. विज्ञानाचा मास्तर होतो मी, चूक माझी कशी असेल?

मग आलं लोहचुंबक. जुन्या स्पीकरमधून काढलेलं, चांगलं जोरदार. पोरांनी खिडकीचे गज, कढई, माझी सायकल, काही सोडलं नाही. दर वेळी धारा ओरडायची, "दादा, चिपकी गयु!" म्हणजे आजोबा, चिकटलं. मी भारावून गेलो आणि एक जादा ज्ञान देऊन बसलो: सोन्याला हे चिकटत नाही. चिकटलं तर ते सोनं नाही.

त्याच रविवारी धाकट्या मुलाच्या, निखिलच्या लग्नाची बोलणी होती. मुलगी केतकी, वाणगावची, एका प्रयोगशाळेत नोकरीला. दोघांनी आपापसात सगळं ठरवलेलंच होतं, आम्ही फक्त पोहे खायचे होते. केतकीच्या आईने मीराला मांडीवर घेतलं आणि कौतुकाने तिच्या गळ्यात सोन्याची नाजूक साखळी घातली.

मीरा उठली, आत पळाली आणि लोहचुंबक घेऊन आली.

टक्. साखळी चिकटली.

"हे सोनं नाहीये," मीराने जाहीर केलं.

शहाण्या माणसाने काय केलं असतं? पोरीला उचलून आत नेलं असतं. मी म्हणालो, "शाब्बास. निरीक्षण अचूक आहे."

एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण समोर इतके श्रोते, तेही गप्प! मी पाहुण्यांना समजावायला लागलो की यात तुमचा दोष नाही, हल्ली सोनार फसवतात, खेडेगावातल्या भोळ्या माणसांना तर सर्रास. पुढच्या वेळी खरेदीला जाताना मला सोबत न्या. बायको माझ्याकडे जे बघत होती, ते मी कौतुक समजलो.

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "माझ्या आईची पाटली मोडून केलीय हो ती."

मी म्हणालो, मग पाटलीसुद्धा तपासायला हवी होती.

केतकीचे वडील उठले आणि पायात चपला सरकवायला लागले. तेवढ्यात मीरा माझा सदरा ओढत म्हणाली, "आप्पा, इथे नाही चिकटत. फक्त कडीला चिकटतं." मी तिला दटावलं, मोठी माणसं बोलताना मध्ये बोलायचं नाही.

केतकी मात्र तिच्यासमोर जमिनीवर बसली. तिच्या हातातलं लोहचुंबक घेतलं आणि साखळीवरून सावकाश फिरवलं. काहीच नाही. कडीशी आलं, टक्.

"कडी उघडते-मिटते ना, तिच्या आत एक बारीक स्प्रिंग असते," ती मीराला म्हणाली. "ती स्टीलची. सोन्याची केली तर वाकून बसेल. मग लोहचुंबक कुणाला चिकटलं?"

"स्प्रिंगला."

"आणि सोन्याला?"

"नाही." मीराने थोडा विचार केला. "म्हणजे आप्पा चुकले?"

खोलीत इतकी माणसं होती. सख्खा मुलगा होता, बायको होती. एकानेही नाही म्हटलं नाही. केतकीच तेवढी म्हणाली, "चुकले नाहीत गं, घाई केली." चुकले म्हणाली असती तर कमी लागलं असतं.

मी विहीणबाईंसमोर हात जोडले. त्या आधी हसल्या, मग त्यांच्या यजमानांनी चपला परत काढल्या, आणि बायकोने सर्वांना पुन्हा पोहे वाढले. मला सोडून.

लग्न झालं, छान झालं. ओट्यावरचा वर्गही जोरात चालू आहे. दर रविवारी केतकी शिकवते. मला चटईवर हेत आणि धाराच्या मध्ये जागा दिलीय, आणि हात वर केल्याशिवाय बोलायची परवानगी नाही.