कराड स्टँडवर तीन वाजता

अण्णा आज उजेडात घरी पोचले असतील का, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. माझी लेक ब्राह्मी झोपून दोन तास झाले, उद्याच्या डब्याची मटकी भिजत घातली, शाळेतले पेपर तपासायला घेतले आणि तसेच बाजूला ठेवले.

अण्णा म्हणजे धन्यकुमार मगदूम, माझे सासरे. घटस्फोटानंतर त्यांना काय म्हणायचं ते कुठल्याच कागदात लिहिलेलं नाही, म्हणून मी सासरेच म्हणते. आष्ट्यात त्यांचं विहिरीच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. स्क्रूड्रायव्हरचं एक टोक मोटारीला, दुसरं कानाला लावून बेअरिंग गेलंय का ते सांगायचे. आता दुकान त्यांचा मुलगा, म्हणजे माझा आधीचा नवरा श्रेयस बघतो.

कोर्टानं ब्राह्मीला माझ्याकडे साताऱ्याला ठेवलं आणि एकाआड एक शनिवार-रविवार आष्ट्याला पाठवायचं ठरलं. रविवारी संध्याकाळी सहाला सातारा स्टँडवर ती परत मिळावी, असं मीच हट्टानं लिहून घेतलं होतं. पहिल्या दोन वेळा श्रेयस आला आणि आम्ही फलाटावरच भांडलो. तिसऱ्या वेळी अण्णा आले.

"तुमचं भांडण तुमी फोनवर करा," म्हणाले. "पोरीची ने-आण मी करतो."

दोन वर्षं त्यांनी ती केली. मी चहाचं विचारलं की "नको, गाडी सुटंल," म्हणून पाठ फिरवायचे. राग धरलाय, असं मी समजून चालले होते.

यंदा जानेवारीत त्यांच्या वकिलाचा अर्ज आला. आजोबांच्या प्रकृतीमुळे मुलीच्या ताब्याच्या अटी बदलाव्यात. माझे वकील म्हणाले, "ही सुरुवात असते, मॅडम." ब्राह्मी नऊ वर्षांची झालीय, आता ते तिलाच मागणार, या धास्तीत मी महिना काढला.

सांगलीच्या कोर्टात मध्यस्थ बाईंसमोर आम्ही बसलो. श्रेयसही होता. अण्णाच बोलले.

"आवं बाई, पोरगी आईपाशीच ऱ्हाऊ दे. फकस्त येळ बदला. रविवारी अकराला जेवतो, ते एकदम सोमवारी सकाळी."

"मग स्टँडवर काहीतरी खायचं ना, आजोबा," मध्यस्थ बाई म्हणाल्या.

"सूर्य बुडाल्यावर न्हाई खात आमी. पाणीबी न्हाई. थंडीत सहालाच बुडतोय की. गेल्या महिन्यात गाडीत चक्कर आली."

त्या खोलीत कुणाला हे सांगायची गरज नसेल, तर मला. मीही जैनाचीच पोर. माझ्या आईची चूल दिवस मावळायच्या आत विझायची. साताऱ्यात नोकरीला लागल्यावर माझा नेम सुटला आणि सहा ही वेळ लिहून घेताना त्यांचा नेम मला आठवलाही नाही.

"आधी सांगायचं नाही का?" मी विचारलं.

"कोर्टाचा कागद हाय. आनि तुला म्हायती हाय की," ते म्हणाले. "मला वाटलं, ठरवूनच लिवलंयस."

दहा मिनिटांत संमतीचा कागद झाला. ब्राह्मी माझ्याकडेच, रविवारी दुपारी तीनला, साताऱ्याऐवजी कराडला भेटायचं.

आज तो पहिला रविवार. मी पावणेतीनलाच पोचले. अण्णांनी बाकावर डबा उघडला, ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी. अर्धी भाकरी माझ्यापुढे धरली. "खा. उजेड हाय अजून," म्हणाले. ब्राह्मी हसली. मीही खाल्ली.

परतताना कराडजवळच आमची गाडी अडीच तास अडकली होती. त्यांचीही अडकली असेल, तर घरी जाऊन जेवायला उजेड उरला नसेल. दोन वर्षांत मी त्यांना एकदाही फोन केलेला नाही, निरोप सगळे वकिलांमार्फत किंवा ब्राह्मीच्या तोंडून. आता ते झोपले असतील. पहाटे पाचला उठतात, सहाला देवदर्शनाला बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, जातात. साडेपाचला फोन लावते. श्रेयसला नाही, त्यांनाच.