निशिकांतराव जेवायला बसले

आमच्या अरुणाचे मिस्टर, निशिकांतराव, मागच्या वर्षी गेले. सिंगापुरात तोआ पायोहला राहायचे. एका फायनान्स कंपनीत अकाउंट्सला होते. आधी नोकरीच्या पासवर आले, मग पीआर म्हणजे कायमचे रहिवासी झाले, मग फ्लॅट घेतला, पोरीला शिकवलं. हे काय, सिंगापुरातल्या अर्ध्या मराठी माणसांबद्दल सांगता येईल. त्यांच्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं एकच. ते वाढायचे.

म्हणजे पंगतीत वाढायचे. मंडळाचा गणपती असू दे, कोणाकडे सत्यनारायण असू दे, बारसं असू दे, निशिकांतराव आत शिरले की चपला काढायच्या, बाह्या दुमडायच्या आणि वरणाचं भांडं उचलायचं. यजमानाला नमस्कार करायला विसरतील, पण मीठ कुठे ठेवलंय ते आधी विचारतील. आग्रह तर असा की बँकेतले मोठे मोठे साहेब त्यांना लांबून येताना बघून पानावर आडवे व्हायचे. उपयोग नाही व्हायचा.

पुढे सगळीकडे बुफे आला तेव्हा त्यांचे जरा हाल झाले. लोक आपापलं ताट घेऊन फिरतात म्हटल्यावर वाढायचं कोणाला? मग हे टेबलाच्या मागे जाऊन डाव घेऊन उभे राहायचे. एकदा केटररला वाटलं हा आपलाच नवीन माणूस, त्याने त्यांना कंपनीचा टी-शर्ट दिला. त्यांनी घातला. कापड चांगलं होतं, नंतर घरात बरेच दिवस वापरला.

स्वतःच्या लग्नात पण हेच. आचाऱ्याची माणसं कमी पडली, तर नवरदेव पाटावरून उठले, मुंडावळ्या कानामागे टाकल्या आणि जिलबीचं ताट घेऊन निघाले. अरुणा शेजारच्या रिकाम्या पाटाकडे बघत जेवली. आमच्या आईला मात्र जावयाचं कोण कौतुक. आईला काय, कोणीही काम करताना दिसलं की कौतुकच वाटायचं.

आता यात गंमत अशी की माणूस मायाळू होता. कुठे गेले की अरुणाला म्हणायचे, "तू पहिल्या पंगतीत बस, गरम जेव." घरी अरुणा पोळ्या लाटायची तेव्हा तिची पाठ टेबलाकडे, हे गरम गरम खायचे. मग हे उठायचे, तव्याशी उभे राहायचे आणि तिला वाढायचे, तेव्हा यांची पाठ. दोघांनी समोरासमोर बसलंय आणि दोघांच्याही ताटात अन्न आहे, असं पंचवीस वर्षांत झालंच नाही. दोष कोणाचा म्हणावा तर कोणाचाच नाही. त्यांनी त्रास दिला असता तर अरुणाला भांडता तरी आलं असतं.

तर लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यांची पोरगी गार्गी बुओना व्हिस्टाला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. ती फोन हातात घेऊन दोघांच्या समोर बसली.

"दोन ऑप्शन आहेत, शनिवारी. वन, रूफटॉप रेस्टॉरंट, कॅन्डललाइट, ओन्ली तुम्ही दोघं. माझी ट्रीट. टू, माझ्या ऑफिसातली नोएलानी आहे ना, हवाईची, तिच्या बाळाचा फर्स्ट बर्थडे. त्यांच्यात पहिल्या बर्थडेला लूआउ करतात, बिग फीस्ट. होल फॅमिलीला बोलावलंय. जस्ट चूज वन, लाह. मला बुकिंग करायचंय."

अरुणाने रेस्टॉरंटचा फोटो बघितला. एक लहानसं टेबल, दोन खुर्च्या. तिसरं माणूस आलं तर त्याला तिरकं उभं राहावं लागेल एवढीच जागा. तिला ते टेबल फार आवडलं. पण ती म्हणाली, "बाबा ठरवतील." तिला वाटलं, एकदा तरी यांनी ओळखावं.

निशिकांतरावांनी विचारलं, "त्या लूआउला काय असतं?"

"ट्रेडिशनल असतं बाबा. खाली चटईवर बसतात. पानावर जेवतात. हाताने."

निशिकांतराव खुर्चीत पुढे सरकले. मग म्हणाले, "माणसं किती?"

"लॉट्स."

"वाढायला कोण आहे?"

"बाबा, यू आर अ गेस्ट."

"विचारलं फक्त," ते म्हणाले. आणि लूआउ ठरलं.

गार्गी आत गेल्यावर अरुणा कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालताच म्हणाली, "मला ते हॉटेल हवं होतं."

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्हाला कळेल असं वाटलं."

"कसं कळणार? तू माझ्यावर सोपवलंस."

"मला तुमच्यासमोर बसून जेवायचंय. मी पण जेवतेय, तुम्ही पण जेवताय. मध्येच कोणी उठायचं नाही. एवढंच हवंय मला. साड्या नकोत, दागिने नकोत."

निशिकांतरावांनी यावर खरोखर विचार केला. ते कोणत्याही गोष्टीवर विचार करायचे. मग म्हणाले, "मग तर लूआउच बरं."

"ते कसं काय?"

"अगं, तिथे मी परका. त्यांचे पदार्थ मला माहीत नाहीत, कशावर काय वाढतात माहीत नाही. मी कशाला उठतोय? उलट हॉटेलात भीती. तिथे तो माणूस एवढंसं वाढतो, बशीच्या मधोमध, आणि आणखी हवं का म्हणून विचारत पण नाही. माझ्याच्याने बघवायचं नाही ते. मीच भांडं मागून घेईन."

अरुणाला हे पटलं. पटलं याचाच तिला जास्त राग आला.

"उठणार नाही म्हणून शपथ घ्या."

"कोणाची?"

"वरणाच्या भांड्याची."

"घेतली."

पण दोन दिवसांनी गार्गीचा ऑफिसातून फोन. नोएलानीला पानं हवी होती. त्यांच्याकडची ती वेगळी पानं इथे मिळत नाहीत, तर केळीची कुठे मिळतील? निशिकांतराव टेक्का मार्केटला जाऊन गठ्ठा घेऊन आले आणि बाथरूममध्ये बसून एक एक पान पुसत होते.

अरुणा दारात उभी राहिली. "हे काय चाललंय?"

"पानं पुसणं म्हणजे वाढणं नव्हे."

"मी काही बोलले का?"

"चेहरा बोलतोय तुझा."

शनिवारी संध्याकाळी बुओना व्हिस्टाच्या एका कॉन्डोत, स्विमिंग पूलच्या बाजूच्या हॉलमध्ये लूआउ होतं. त्यांच्यात म्हणे आख्खं डुक्कर जमिनीत खड्डा करून भाजतात. इथे कॉन्डोच्या ऑफिसने खड्ड्याचं नाव ऐकूनच मान हलवली, म्हणून ते ओव्हनमध्ये भाजलं होतं. दारात नोएलानीची आई उभी, थोराड बाई, मोकळे पांढरे केस. खास नातवासाठी विमानाने आली होती. तिला सगळे आंटी म्हणत होते. तिने अरुणाच्या गळ्यात फुलांचा हार घातला, निशिकांतरावांच्याही घातला. अरुणाला वाटलं, यांना आपल्या लग्नाचा वाढदिवस कळला वाटतं. मग बघते तर मागून येणाऱ्या सगळ्यांनाच घालत होती.

चटया लांबच लांब टाकलेल्या, मध्ये पानं मांडलेली, दोन्ही बाजूंनी माणसं. अरुणाने बरोबर निशिकांतरावांच्या समोरची जागा धरली. पानं कोणी कशीही मांडली होती, कोणाचं टोक डावीकडे, कोणाचं उजवीकडे, एक तर चक्क उभं. निशिकांतरावांनी स्वतःचं पान फिरवून घेतलं, शेजाऱ्याचं फिरवलं, पलीकडच्याचं फिरवायला वाकले तेवढ्यात अरुणा खाकरली. ते सरळ झाले आणि हात मांडीखाली घेऊन बसले.

वाढायला ऑफिसातली मुलं होती. बिचारी चांगली मुलं, पण सुरुवात मधूनच केली. अरुणा मांसमच्छी खात नाही हे गार्गीने सांगून ठेवलं होतं, म्हणून तिच्या पानावर अळूच्या पानात नुसत्या भाज्या बांधून शिजवलेलं एक पुडकं आलं. रताळं आलं. मग पोई आली. पोई म्हणजे अळूचे कंद उकडून कुटून केलेलं जांभळट, चिकट, लापशीसारखं. ती त्या मुलाने रताळ्याच्या डोक्यावरच ओतली.

निशिकांतरावांनी डोळे मिटून घेतले.

"जेवा," अरुणा म्हणाली.

"हो."

"माझ्याकडे बघा."

"बघतोय की."

"माझ्या मागे बघताय."

"त्या टोकाला एक आजोबा बसलेत. त्यांच्या पानावर नुसतं मीठ आहे."

"येतील तिकडे मुलं."

"मुलं फोटो काढतायत गं."

"अहो, जेवा."

त्यांनी रताळ्याचा तुकडा तोडला. तोंडाशी नेला. तेवढ्यात त्या आजोबांनी मान वर करून इकडे तिकडे बघितलं. झालं. रताळं पानावर परत गेलं आणि निशिकांतराव उठले. अरुणाने सांगितलंय मला, त्यांना कळलं पण नाही आपण उठलोय ते. उचकी लागते तसे उठले. कोपऱ्यातलं पोईचं भांडं उचललं आणि टोकापासून सुरुवात केली, जशी करायची असते तशी.

अरुणा बसून राहिली. समोर रिकामी चटई, वाढलेलं पान, वर अर्धवट तुटलेलं रताळं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण शेजारच्या बाई हसून बघत होत्या म्हणून तिने पण हसून घेतलं. लांबून आवाज येत होता, "घ्या, थोडं घ्या, एवढंसं," चक्क मराठीत, आणि ती चिनी, मलय, अमेरिकन माणसं घेत होती. एक जण पानावर हात आडवा धरून नको नको करत होता. त्यालाही वाढलं गेलं.

तिला वाटलं, हॉटेल असतं तरी हेच झालं असतं. त्या चिमुकल्या टेबलावरून उठून हे पावाची टोपली घेऊन दुसऱ्यांच्या टेबलावर गेले असते. जागेचा काही प्रश्नच नव्हता.

आणि मग तिच्या मनात आलं, हे स्वतः जेवतात कुठे? इतकी वर्षं ती पहिल्या पंगतीत जेवून, गार्गीला घेऊन, लवकर घरी यायची. हे उशिरा यायचे. जेवलात का विचारलं की म्हणायचे, जेवलो. कोणाबरोबर, काय, तिने कधी विचारलं नव्हतं. सगळ्यांचं झालं की वाढपी बसतात, हे तिला माहीत होतं. लहानपणापासून माहीत होतं. पण ती पंगत तिने कधी डोळ्यांनी बघितली नव्हती. कारण तिला आधी गरम जेवायचं असायचं.

तिने स्वतःच्या पानावरचं होतं तसं झाकून ठेवलं, त्यांचंही झाकलं. पदर खोचला आणि आंटीकडे जाऊन रताळ्यांचं भांडं मागितलं. आंटीने तिच्याकडे एकदा बघितलं आणि दिलं.

अरुणाने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. मध्यावर दोघं समोरासमोर आले, त्यांच्या हातात पोई, हिच्या हातात रताळी.

"तू का उठलीस? गार होईल तुझं."

"रताळी संपत आलीत. आतून आणा."

ते गेले आणि घेऊन आले. दुसरं काय करणार?

सगळ्यांचं जेवण झालं. बाळाला सगळ्यांनी उचलून घेतलं, बाळ रडलं, त्याचे फोटो काढले. पाहुणे पूलकडे निघून गेले तेव्हा आंटीने एक कोरी चटई टाकली आणि वाढणाऱ्यांना हाक मारली. गार्गी बाहेरून ओरडली, "आई, बाबा, लेट्स गो?" अरुणा म्हणाली, "तू हो पुढे."

ती चटईवर बसली. निशिकांतराव तिच्या समोर बसले, कारण तिथेच जागा होती. डुक्कर संपलं होतं, मासे संपले होते. पोई होती, चार रताळी होती, अळूची पुडकी होती आणि नारळाच्या दुधाच्या पांढऱ्या वड्या होत्या. दोघांची झाकून ठेवलेली पानं पण त्यांनी तिथेच आणली. सगळं गार.

निशिकांतरावांनी सवयीने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. कोणाला काही नको होतं. आंटी भांडं घेऊन वाढायला आली तसे ते अर्धे उठले. आंटीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि खाली दाबलं. चांगली वजनदार बाई. ते बसले.

अरुणाने पोई चाखली. "मीठच नाही यात."

"नाहीच घालत वाटतं."

"चिंच-गूळ तरी हवा होता."

"सांगू का त्यांना?"

"जेवा."

ते जेवले. आणि अरुणाने बघितलं की त्यांनी पहिल्यांदा नारळाची वडी उचलली. एक खाल्ली, लगेच दुसरी खाल्ली. मग तिसरी. त्यानंतर रताळ्याला हात लावला.

"गोड आधी?"

ते जरा ओशाळले. "या पंगतीत कोणी बघत नसतं ना. आम्ही सगळे असंच जेवतो."

"घरी तर शेवटी खाता."

"घरी तू असतेस."

"आत्ता पण आहे."

"हो," ते म्हणाले, आणि तिच्या पानावरची वडी उचलून खाल्ली.

त्यानंतर अरुणा कुठल्याच कार्यात पहिल्या पंगतीला बसली नाही. ती पण वाढायची आणि शेवटी त्यांच्यासमोर गार जेवायची. जेवता जेवता दोघं लोकांची उणीदुणी काढायचे, कोणी किती टाकलं, कोणी खिशात लाडू घातला. फार दिवस मिळाले असं नाही, पण मिळाले.

ते गेल्यावर लोक भेटायला यायचे. यिशुनहून यायचे, कुठून कुठून यायचे. सगळे एकच म्हणायचे, काय वाढायचे हो निशिकांतराव.

अरुणा म्हणायची, "जेवायचे पण. मी बघितलंय."