राईतली आग

हे मी आजवर घरच्या माणसालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगते — का, ते विचारू नका.

आमच्या पेठेमागं विहिरीभोवती झाडांची राई आहे. प्लेगात सगळी पेठ माळावर झोपड्या बांधून राहिली, तेव्हा चोरट्यांनी निम्मी राई तोडून नेली. परतल्यावर पेठेनं मनावर घेतलं. तालमीतल्या पोरांनी काट्यांचं कुंपण घातलं, घरोघरी रोपं वाढवली, बायकांनी पाण्याच्या पाळ्या लावून घेतल्या. संस्थानच्या महाराजांची गाडीही राई बघायला तिथं हळू होते, असं आम्ही पाहुण्यांना सांगायचो — खरं-खोटं कुणी पाहिलंय?

एका चैत्रात भर दुपारी कुंपण पेटलं. पहिली हाक माझी. पदर खोचून मीच विहिरीवर बायकांची रांग लावली, घागरी हातोहात पुढं गेल्या. कडेची रोपं जळाली, पण राई वाचली! पेठेचे पंच तात्या, त्यांनी सगळ्यांसमोर मला लुगडं दिलं. ते मी नेसले — कशी नेसले असेन?

कारण आग... सांगते. चुलीतली राख कुंपणाजवळ टाकायची नाही, असं ठरलं होतं. पण उकिरडा लांब, ऊन रणरणतं. मी टाकली. आत निखारे होते? — मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

पण एवढंच असतं तर मी तुम्हाला थांबवलं नसतं. कुंपणाला लागून दोनच घरं — एक माझं, दुसरं अमिनाबीचं. ती आणि तिचा नवरा रेड्यावर कातड्याची पखाल लादून घरोघर पाणी घालायचे. कुंपणाशी राख दिसली तशी लोकांनी तिलाच धरलं. ती म्हणाली, "मला ताप हाय. आज चूल पेटलीच न्हाय माझी. वैनीनं भाकरी दिली, इचारा की तिला!"

सगळे माझ्याकडं वळले. आणि मी — जिनं तासाभरापूर्वी तिच्या हातात भाकरी ठेवली होती ती मी — म्हणाले, "मला काय ठावं?"

तिची पाळी काढून घेतली. राईत पाय ठेवायचा नाही, असं बजावलं.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली. रोपांनी माना टाकल्या. तात्यांना अमिनाबीच्या दारात जावं लागलं.

"झालं गेलं इसर, बाई. झाडं वाळाय लागल्यात."

"आग मी लावली न्हाय. आधी तेवढं म्हना," ती म्हणाली. "सगळ्या पेठंला ऐकू जाऊ दे."

तात्या जमलेल्या लोकांकडं वळले. मग मोठ्यानं म्हणाले, "आग हिनं लावली न्हाय!" मग कुणी लावली, हे कुणी विचारलं नाही. मी तिथंच उभी होते, घागर कमरेवर घेऊन.

काय तो उन्हाळा! पुढं अमिनाबी, तिच्यामागं भरल्या पखालीचा रेडा, आणि मागं घागरी घेतलेली सगळी पेठ. रंकाळा तळ्यापासून राईपर्यंत, रोज. एक रोप मेलं नाही. शेवटी हलगी लावून पोरांनी तिला राईत नेलं, नारळ तिच्या हातून फोडला. मीही ओरडले, घसा बसेपर्यंत. तो आनंद खोटा नव्हता.

तिनं खोबऱ्याचा पहिला तुकडा काढला, गर्दीतून मला शोधलं आणि माझ्या हातावर ठेवला.

"खा की, वैनी."

मी खाल्ला.