बाबांनी कुत्रीसाठी हात पसरला

संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. बाबा कापडमिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागावर, विणकर. सुरुवातीला ते रोज सकाळी दाढी करून मिलच्या गेटवर जाऊन बसायचे. पुढे पुढे नुसतेच गॅलरीत उभे राहू लागले. त्याच दिवसांत लालबागच्या आमच्या चाळीखाली एक कुत्री गाडीखाली गेली आणि तिचं एक पिल्लू बाबा वर घेऊन आले. कापसाच्या बोळ्यानं त्याला दूध पाजत बसले. त्या वेळी दूध घरातल्या माणसांच्या चहालाही पुरत नव्हतं, पण आईनं त्यातलंच थोडं बाजूला काढलं. बऱ्याच दिवसांनी बाबांच्या हातांना काहीतरी काम मिळालं होतं.

संपकऱ्यांना धान्य वाटलं जायचं. त्या रांगेत आई उभी राहायची. उसनं मागायलाही आईच जायची. बाबा म्हणायचे, "माका जमाचा नाय." त्यात ताठा होता की लाज, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

मिल काही बाबांसाठी पुन्हा उघडली नाही. ते शिवाजी पार्कजवळच्या एका बिल्डिंगमध्ये वॉचमन म्हणून लागले. मी टायपिंग शिकून दादरच्या एका ऑफिसात चिकटले. पिल्लाची मोठी, तांबूस, जरा आळशी कुत्री झाली. बाबांची ड्युटी सुटायच्या सुमारास ती जिन्याच्या तोंडाशी जाऊन बसे.

एकदा तिला आंघोळ घालताना आईच्या हाताला तिच्या पोटाखाली गाठ लागली. तीच गाठ पुढे वाढली, शेजारी दुसरी आली. परळच्या जनावरांच्या इस्पितळात डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं.

"कॅन्सर दिसतोय. ऑपरेशन करू. पण नंतर इंजेक्शनं द्यावी लागतील, ती बाहेरून आणायची." त्यांनी खर्च सांगितला आणि बाबांच्या खाकी शर्टाकडे बघत आवाज उतरवला, "घरी विचार करून सांगा."

"करूया ऑपरेशन," बाबा म्हणाले.

घरी आई भडकली. "हय माणसांक औषाद मिळणा नाय, आणि कुत्र्याक इंजेक्शना?" तिचं चुकत नव्हतं. वरच्या मजल्यावरचा एक विणकर क्षयानं गेला होता. त्याच्यासाठी आम्ही दुःख करण्यापलीकडे काय केलं होतं? बाबा पैशांचा हिशेब मांडत बसले. माझा पगार आणि आईची भिशी धरूनही पैसे पुरत नव्हते. दुसऱ्या दिवशी बाबा ठेवणीतला शर्ट घालून मागायला बाहेर पडले.

पहिल्यांदा त्यांनी बिल्डिंगमधल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंना विचारलं. बाईंकडे स्वतःचं कुत्रं होतं. तरी त्या बाबांकडे बघतच राहिल्या. "कुत्र्यासाठी? खरं सांगा, घरात कोण आजारी आहे?"

"खरंच कुत्री आहे, बाई."

त्यांचा विश्वास बसेना. मग रविवारी बाबांनी तिला लालबागहून हळूहळू चालवत शिवाजी पार्कला नेलं. बाईंनी गाठी पाहिल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि स्वतः पैसे दिलेच, शिवाय सकाळी फिरायला येणाऱ्या आपल्या ओळखीच्यांकडूनही गोळा केले.

तरी कमी पडत होते. तेव्हा बाबा मला घेऊन भायखळ्याच्या भाजी मार्केटात गेले. मिलमध्ये त्यांच्या शेजारच्या साच्यावर काम केलेला साताऱ्याकडचा जोडीदार तिथे कांदे-बटाटे विकायला बसत असे. संपानंतर दोघं क्वचितच भेटले होते. बाबांनी उभ्याउभ्याच काम सांगितलं.

तो गोणीवरून उठला नाही. "कुत्रीसाठी आलास. संपात पोरं उपाशी होती, तवा का नाही आलास?"

"तुझ्याकडे तरी कुठे होतं तेव्हा?"

"नव्हतंच. पर मला वाटायचं, हा येईल. अर्धी भाकरी तरी मोडून खाल्ली असती. तू आला नाहीस, मग मीबी तुझ्याकडं कसा येणार?"

बाबा खाली बसले. उगीच कांदे हलवू लागले. जोडीदारानं गल्ल्यातून पैसे काढून माझ्या हातात दिले आणि चहा सांगितला. मी मात्र त्या वाक्यावर अडकले होते. न मागणं म्हणजे कुणालाच त्रास न देणं, असं मी घरात बघत आले होते. एका माणसाला ते इतकी वर्षं सलत असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

ऑपरेशन झालं. इंजेक्शनांनी ती मलूल व्हायची, खाणं टाकायची. तेव्हा आईच तिला पेज भरवत बसे, वर शिव्याही देई. हळूहळू ती सावरली. पुढे बरेच महिने चांगली हिंडली-फिरली, शेपूट हलवत माशांच्या टोपलीमागे गेली. मग दुखणं छातीत पसरलं आणि एका दुपारी आईच्या पायाशीच ती गेली.

ज्यांनी ज्यांनी पैसे दिले होते, त्या सगळ्यांना बाबा स्वतः जाऊन सांगून आले. "मागूक गेलेलंय, मगे सांगूक नको?" ते आईला म्हणाले. शिक्षिकाबाईंकडे मी सोबत होते. इतकी वर्षं त्या बिल्डिंगच्या दाराशी बसलेले बाबा त्या दिवशी प्रथमच वर जाऊन एका घरात खुर्चीवर बसले. बाईंनी विचारलं, "शेवटी फार हाल झाले का हो तिचे?"

"नाही, फार नाही," बाबा म्हणाले, आणि तिच्या सवयी सांगू लागले. घरीही ते एवढं कधी बोलले नव्हते. त्यांचा चहा निवून गेला. बाईंनी तो परत गरम करून आणला.