स्वयंपाकघरातला हद्दीचा दगड

लक्ष्मी गेट या जुन्या वेशीच्या मागून धान्यगोदामाकडे एक रेल्वेलाइन जायची. मऊरानीपूरचं धान्य ट्रकनं येऊ लागलं तशी गाडी बंद झाली आणि रुळांवर लोक गोवऱ्या थापू लागले. या लाइनीवर शहराची लोकल पुन्हा सुरू करावी, असे तेरा अर्ज एकट्या यज्ञेश्वररावांनी केले होते. चौतीस वर्षं हातोडा खांद्यावर टाकून रूळ तपासत चालल्यावर माणसाला दुसरं सुचायचं काय?

घर लाइनीला लागूनच. बांधलं वडिलांनी, तेही रेल्वेतलेच. जागेत रेल्वेच्या हद्दीचा दगड आला. रेल्वेचा दगड रेल्वेचा माणूस हलवीत नाही, म्हणून त्यांनी दगड तिथंच ठेवून भोवती स्वयंपाकघर बांधलं. दगडापलीकडे रेल्वेच्या जमिनीत चूल मांडली, हे मात्र त्यांच्या तत्त्वांना खुपलं नाही. यज्ञेश्वरराव दर दसऱ्याला हातोड्याची पूजा करून तो दगड पांढरा रंगवीत. शेजाऱ्यांची तत्त्वं मोकळी होती. त्यांचे दगड दहा फूट चालत रुळांपर्यंत गेले होते.

तेरावा अर्ज कुणीतरी वाचला असावा. लोकल मंजूर झाली आणि मोजणीचे साहेब आले. रेल्वेच्या हद्दीत बांधलेलं सगळं पडणार होतं.

सकाळीच शारदाबाईंनी दगडावर पिठाचा डबा ठेवला, वर फडकं टाकलं.

"अहो, आजच्या दिवस तुम्ही रेल्वेचे नाही. तोंड मिटून बसायचं."

"मी कशाला बोलतोय?" यज्ञेश्वरराव म्हणाले.

साहेबांना बाहेर या घराचा दगड काही सापडेना. शेजारचे रमाकांतजी मदतीला धावले.

"साहब, बह गया होगा बारिश में. हमारे पत्थर से सीधी लाइन ले लीजिए."

साहेबांनी रमाकांतजींच्या दगडापासून मोजणीची फीत ताणली. या मापानं आळीतली सगळी घरं वाचत होती. शिपायानं आकडा पुकारला, साहेब वहीत लिहू लागले. आकडा ऐकून यज्ञेश्वरराव जागचे उठले. दहा फुटांची चूक! पुढं कधी गाडी भिंतीला घासली तर?

"साहब," ते म्हणाले, "पत्थर अंदर है. रसोई में."

रमाकांतजींनी कपाळावर हात मारला. "भैया, रिटायर हुए बारह साल हो गए आपको!"

साहेब आत आले. यज्ञेश्वररावांनी स्वतः डबा उचलला, फडकं काढलं आणि फितीचं टोक दगडावर धरून उभे राहिले. त्या एका खऱ्या दगडावरून आळी नव्यानं मोजली गेली. यज्ञेश्वररावांचं स्वयंपाकघर, रमाकांतजींचा ओटा, पुढच्या चार घरांच्या मागच्या खोल्या, सगळ्यांवर लाल फुल्या पडल्या.

"ऐसा ईमानदार आदमी नहीं देखा," साहेब म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे नव्हतं. ते पुढचं घर शोधत होते.

शारदाबाईंनी लाल फुलीखालच्या चुलीवर चहा टाकला. साहेबांना दिला, शिपायाला दिला, दारात शिव्या घालत उभ्या असलेल्या रमाकांतजींनाही दिला. मग भांडं विसळून पालथं घातलं.

"मला?" यज्ञेश्वररावांनी विचारलं.

"तुमचा लोकलनं येईल," शारदाबाई म्हणाल्या.